गोठलेलं दव उघड्यावर बघा, जंगलात ऊन आल्यावर शिरा

भुसावळच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "सातपुड्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो. यंदा जानेवारीत घरच्यांना घेऊन जायचं ठरवलंय. सोबत वडील आहेत, वय ६६, रक्तदाबाची गोळी चालू. आणि आठ वर्षांचा मुलगा. पहाटे चारला उठून जंगलातून चालत निघायचं म्हणतोय, म्हणजे ऊन यायच्या आत सगळं पांढरं झालेलं दिसेल. जावं कुठे? तिघांसाठी जाड जाकिटं घेतली आहेत, आणखी कपडे किती घ्यावेत? जनावरांची भीती कितपत? आणि परतताना वडिलांना आवडेल असं वाटेत काही आहे का?"

बेत छान आहे, आणि वडिलांना नि मुलाला एकाच वाटेवर चालवायचं मनात आणलंत याचं फार बरं वाटलं. पण तुमच्या बेतात दोन वेगळी कामं एकात गुंतली आहेत. गोठलेलं दव बघणं हे एक, जंगलातून चालणं हे दुसरं. दोन्हींची जागा वेगळी आणि वेळही वेगळी. पहाटेच्या अंधारात झाडीतून चाललात तर हिमकण दिसणार नाहीत, कारण दाट झाडाखाली ते पडतच नाहीत. अस्वलाशी समोरासमोर गाठ पडायची भीती मात्र त्याच वेळी जास्त. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: रात्री नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या पठारावरच मुक्काम करा, उजाडताना मोकळ्या गवतावर दव बघा, पोटभर न्याहारी करा आणि ऊन झाडीत उतरलं की मग चालायला निघा. चारला उठायची काहीच गरज नाही.

मी सातपुड्यात लोकांना घेऊन हिंडतो त्याला बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात येणारे बहुतेक लोक थंडीला घाबरून तयारी करतात, पण त्यांना त्रास होतो तो घामाचा, ओल्या मोज्यांचा आणि चुकलेल्या वेळेचा. ते कसं, हे समजायला आधी दव गोठतं कसं ते बघू.

दिवसभर तापलेली जमीन, गवत, छपरं रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले की ते ही उष्णता अडवून काही अंशी परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र असलं, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, तर अडवणारं कुणी नसतं. मग गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. हवामानाच्या नोंदीचं तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत. त्या पेटीत तीन-चार अंश दिसत असले तरी खाली गवतावर शून्याच्या खाली गेलेलं असू शकतं. "पारा शून्यावर गेलाच नाही, मग बर्फ कुठून आला" असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

झाडाखाली मात्र गोष्ट वेगळी. डोक्यावर फांद्यापानांचं छत असतं, ते उष्णता अडवतं. पठारावर एखादा भरगच्च मोह माळात एकटा उभा असेल तर सकाळी मुद्दाम त्याच्या बुडाशी जाऊन बघा. भोवतीचं गवत पांढुरकं आणि झाडाच्या घेराएवढा गोल तेवढा कोरडा, मूळ रंगाचा राहिलेला. त्या गोलाच्या कडेवर मुलाला उकिडवं बसवा आणि एकेक पातं जवळून दाखवा. हिमकण पात्याच्या मधल्या शिरेपेक्षा कडांवर आणि लवेवर आधी धरतात, त्यामुळे पात्याला पांढरी किनार काढल्यासारखी दिसते. त्यातलेच काही कण गोल, काचेसारखे असतात. ते आधी दव म्हणून जमले आणि नंतर गोठले. काही सुईसारखे, भुरभुरे; ते हवेतल्या वाफेचे थेट बर्फ झालेले. एकाच पात्यावर दोन्ही सापडतात. हात लावायच्या आधी बघा, बोटाच्या उबेनंच ते जातात.

कडब्याच्या गंजीवर, गवती छपरावर, जीपच्या टपावर आणि मोटारसायकलच्या सीटवर हिमकण जास्त दिसतात. कारण या वस्तूंना जमिनीची ऊब खालून मिळत नाही. उघड्या मातीवर ते क्वचितच दिसतात, कारण माती रात्रभर पोटातली ऊब वर देत असते.

दुसरी गोष्ट, गार हवा जड असते. ती टेकडीच्या उतारावरून हळूहळू खाली येते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे उंच कड्यावर जाऊन उभं राहिलात तर वारा झोंबेल, पण पांढरं काही दिसणार नाही. त्याच वेळी खालच्या खोलगट गवतात सगळं गोठलेलं असेल. उंची हवीच, कारण हजार मीटर वर गेलं की हवा ढोबळमानाने सहा-साडेसहा अंशांनी गार होते; पण त्या उंचीवरची सखल जागा हवी. तोरणमाळचं महत्त्व इथे आहे. ते सुमारे ११५० मीटरवरचं पठार आहे आणि पठारावरच यशवंत तलावाच्या आसपास मोकळी, सखल जागा आहे.

आता हे दिसेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा, पण सलग आठ-दहा दिवस काहीच नाही असंही होतं. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येऊन गेला, तिकडे पाऊस-बर्फ झाला आणि नंतर आकाश मोकळं झालं, की उत्तरेचे कोरडे वारे खान्देशात उतरतात. त्यानंतरच्या दोन-चार रात्री बघा. जळगाव-धुळ्याचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली आणि ढग नसले तर निघायला हरकत नाही. म्हणून माझा सल्ला असा की रजा एकाच तारखेला बांधून घेऊ नका. दोन शनिवार-रविवार हाताशी ठेवा आणि कोणता वापरायचा ते दोन-तीन दिवस आधी ठरवा.

मुक्कामाला पोचल्यावर संध्याकाळी एक खूण बघायला मिळते. गावात चुली पेटल्या की धुराकडे लक्ष द्या. धूर सरळ वर चढून विरत गेला तर काही सांगता येत नाही. पण तो घरांच्या थोडा वर जाऊन थांबला आणि आडवा पसरत राहिला, तर खाली गार आणि वर उबदार अशी हवेची उलटी मांडणी सुरू झाली आहे. सोबत वारा पडलेला असला आणि चांदण्या ठळक दिसत असल्या, तर सकाळचा गजर लावून झोपा. रात्रभर वारा वाहत राहिला तर थंडी कितीही असो, दव धरत नाही. मग सकाळी निवांत उठा.

गजर किती वाजताचा? जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. सगळ्यात गार वेळ पहाटे चारची असते असा समज आहे, तो बरोबर नाही. सूर्य वर आल्यावरही काही मिनिटं जमीन मिळवते त्यापेक्षा जास्त उष्णता गमावतच असते, त्यामुळे पारा सूर्योदयाच्या आसपास किंवा किंचित नंतर सर्वांत खाली जातो. साडेसहाला बाहेर या. झुंजुमुंजु उजेडात आधी सगळं नुसतं राखाडी दिसतं, आणि तिरपं ऊन आलं की मग किनारी चमकू लागतात. उन्हात आलेला पट्टा बघता बघता ओला होतो, टेकडीच्या सावलीतला पट्टा बराच वेळ टिकतो. म्हणजे उशीर झालाच तर सावलीकडे सरका.

कुठे जावं, तर तुमच्यासाठी तोरणमाळच. डाब-मोलगीच्या बाजूला, अक्कलकुवा तालुक्यात, गोठलेलं दव तोरणमाळइतकंच किंवा जास्तच दिसतं, बातम्यांतली नावंही बहुतेक तिकडचीच असतात. पण तिथे मुक्कामाची सोय जेमतेम, दवाखाना लांब, रस्ता वळणाचा. वडिलांना घेऊन पहिल्याच वेळी तिकडे नको. भुसावळहून तोरणमाळ गाठायला अर्ध्याहून जास्त दिवस जातो. चोपडा, शिरपूर करत शहादा आणि तिथून घाट. अंधार पडायच्या आत वर पोचायचं असं ठरवून निघा. हिवाळ्यात उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. नदीकाठी सकाळी धुकंही असतं. मुक्कामाची खोली आधी नक्की करा. नाताळ ते नववर्ष वर गर्दी असते, तो आठवडा टाळाच.

इतक्या लांब जाणं वडिलांना झेपणार नसेल तर रावेर तालुक्यातलं पाल आहे. सुकी नदीचं खोरं, सागाचं जंगल, थंडी कडक. पण पाल तोरणमाळपेक्षा बरंच खाली आहे, तिथे गोठलेल्या दवाची आशा धरून जाऊ नका. हिवाळी जंगल चालायला मात्र फार चांगलं. तो भाग १९६९ सालच्या यावल अभयारण्याचा आहे, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, परवानगी घेऊन, ते सांगतील त्या वेळेत आणि त्यांच्या माणसासोबतच आत जायचं.

आता कपडे. तुम्ही लिहिलंय की तिघांसाठी जाड जाकिटं घेतली आहेत. ती मुक्कामाला वापरा, दव बघताना वापरा, चालताना नको. चढावर वीस मिनिटांत घाम येतो. जाकीट बंद असेल तर आतला सुती बनियन भिजतो, आणि थांबलात की तोच ओला बनियन अंगाची ऊब ओढून घेतो. लोक आजारी पडतात ते इथे. त्यापेक्षा पातळ थर घ्या. अंगालगत लवकर वाळणारा टीशर्ट, खेळाडू वापरतात तसा. वर एक स्वेटर. त्याच्या वर गुळगुळीत कापडाची विंडचीटर. चालायला लागताना किंचित गार वाटलं पाहिजे, म्हणजे कपडे बरोबर आहेत. चढ लागायच्या आधी स्वेटर काढायचा, घाम आल्यावर नव्हे. आणि विसाव्याला बसायच्या आधी पुन्हा घालायचा, हुडहुडी भरल्यावर नव्हे. मुलाला स्वतःला हे कळत नाही. त्याच्या मानेखाली मागून हात घालून बघत जा, ओलं लागलं तर एक थर कमी करा.

बाहेरचं कापड गुळगुळीत हवं असं म्हणतो त्याचं कारण कुसळी गवत. पावसाळ्यानंतर सातपुड्याच्या उघड्या उतारांवर ते कमरेएवढं वाढलेलं असतं आणि हिवाळ्यात त्याची कुसळं सुटतात. लोकरीच्या स्वेटरमध्ये, शालीत आणि मोज्यांत ती पीळ घेत आत शिरतात आणि दिवसभर टोचतात. विंडचीटरवरून आणि नायलॉनच्या पॅंटवरून ती घसरून जातात. पॅंटचे पाय मोज्यांत खोचू नका. पॅंट मोज्यावरून खाली येऊ द्या. दवानं ओल्या गवतातून चाललं की बूट आतपर्यंत भिजतात, म्हणून प्रत्येकाचे दोन जास्तीचे मोजे पाठीवरच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. वडिलांसाठी घरात घोंगडी असेल तर तीही गाडीत टाका. ओलसर झाली तरी ती ऊब सोडत नाही, आणि दव बघताना खाली अंथरून बसताही येतं.

माकडटोपीबद्दल एक सांगतो. मुक्कामाला, झोपताना, गाडीत खुशाल घाला. जंगलात वाट चालताना कान उघडे ठेवा. नाक-कपाळ झाकायचं असेल तर रुमाल बांधा, पण पाचोळ्यातली खसखस तुम्हाला ऐकू आली पाहिजे.

त्यावरून जनावरांकडे येतो. सातपुड्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि रावेर-मुक्ताईनगरच्या बाजूला वाघाचाही वावर आहे. दिवसाउजेडी बोलत चालणाऱ्या चार-पाच माणसांच्या वाटेला बिबट्या सहसा येत नाही. तुमच्या बाबतीत काळजी फक्त मुलाची. त्याला कायम दोन मोठ्यांच्या मध्ये चालवायचं, पुढे धावू द्यायचं नाही, मागे रेंगाळू द्यायचं नाही, आणि लघवीलासुद्धा झुडपाआड एकट्याला पाठवायचं नाही.

खरा विचार करायचा तो अस्वलाचा. त्याची नजर अधू, आणि खाण्यात किंवा वारुळ उकरण्यात ते इतकं गुंग असतं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग दचकून अंगावर येतं. ते हल्ला करतं तो भीतीनं. हिवाळ्यात त्याचा मोठा खाऊ म्हणजे बोरं. त्यामुळे बोरांनी लगडलेली जाळी दिसली की तुमच्या मुलाला मोह होणार, पण तीच जागा सकाळी लवकर टाळायची. ताजी उकरलेली माती, फोडलेलं वारुळ, बोराच्या आठळ्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर आवाज वाढवा आणि वाट बदला. पहाटे चारला झाडीतून जाऊ नका म्हणतो ते यासाठीच: रात्रीचं चरून अस्वल परतायची वेळ ती, तुम्हाला दिसत नाही, आणि थंडीनं सगळे गप्प चालत असतात. समोर आलंच तर पळू नका. सगळ्यांनी एकत्र व्हा, मुलाला मागे घ्या, अस्वलाकडे पाठ न करता हळू मागे सरका. अंगावर आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान नि डोकं झाका.

सापांचं म्हणाल तर थंडीत ते सुस्त असतात हे खरं, पण म्हणूनच दहा-अकराच्या उन्हात खडकावर, पायवाटेवर शेकायला येतात. घोणशीचा तर हा मिलनाचा काळ, ती हिवाळ्यातही हिंडते, आणि वाळलेल्या पानांत तिचा रंग बेमालूम मिसळतो. काठी हातात हवीच. सागाचा पाचोळा सकाळी दवानं ओला, चामट आणि निसरडा असतो. ऊन चढलं की तोच पापडासारखा कुरकुरीत होतो आणि त्याखालचा मुरूम पाय सरकवतो. दोन्ही वेळी पाय टाकायच्या आधी काठीनं चाचपा. उतारावर वडिलांना पुढे घेऊ नका, मध्ये घ्या, आणि काठी त्यांच्या हातात आधी द्या.

मुलाला आणखी एक गोष्ट आधीच दाखवून ठेवा: खाजकुहिलीच्या शेंगा. वेलीवर लटकणाऱ्या, तपकिरी, मखमली लव असलेल्या. दिसायला इतक्या मऊ की हात जातोच. ती लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टीने लव उचलून काढायची, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. चिकटपट्टीचं एक छोटं रीळ म्हणूनच पिशवीत ठेवायचं.

वडिलांच्या बाबतीत काही गोष्टी माझ्या सांगण्यातल्या आहेत, काही त्यांच्या डॉक्टरांच्या. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. सकाळी तो तसाही चढा असतो. त्यामुळे जायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून, "उंचावर थंडीत चालायला जातोय" असं स्पष्ट सांगून घ्या. छातीत कधी दुखलं असेल किंवा दमा असेल तर त्यांचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि ते ऐका. गोळीची वेळ सहलीत चुकवू नका. अंथरुणातून उठून लगेच बाहेर पडू नये. खोलीत दहा मिनिटं हिंडून, हात-पाय हलवून, कोमट पाणी पिऊन मग बाहेर. दव बघायला मुक्कामापासून थोडंसंच चालावं लागतं, त्यात चढ नको. जंगलातल्या वाटेवर बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखणं, गार हवेतही दरदरून घाम, असं काही झालं तर तिथेच बसवा आणि १०८ ला फोन लावा. वर मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, म्हणून रेंज कुठे मिळते ते संध्याकाळीच गावात विचारून ठेवा.

थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी लागतंच. दर विसाव्याला घोट-दोन घोट. दारूनं ऊब येते ही समजूत घातक आहे: कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता तितकीच झपाट्यानं बाहेर जाते. खायला आपली कळण्याची भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. दुकानातली बिस्किटं यापुढे फिकी आहेत.

शेकोटीचा विषय थोडा सविस्तर बोलायला हवा, कारण थंडी म्हटलं की शेकोटी आलीच. गावात, घरमालकाच्या अंगणात, त्यानं पेटवलेल्या आगीशी बसा, त्यासारखं सुख नाही. जंगलात काडीसुद्धा ओढायची नाही. जानेवारीत सागाची पानं गळत असतात, कुसळी गवत वाळून कडक झालेलं असतं, आणि सातपुड्याचा उतार वाऱ्यासोबत मिनिटांत पेटतो. कायद्यानंही अभयारण्यात आणि राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. वणवा दिसलाच तर १९२६ हा वनखात्याचा क्रमांक आहे. आणि दुसरं: निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत घेऊन कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. खोली गार वाटली तर आणखी एक रजई मागा.

तर दुसऱ्या दिवसाची आखणी मी अशी करीन. साडेसहाला तलावाकाठच्या मोकळ्या गवतावर. आठपर्यंत तिथेच, मुलाचं मन भरेपर्यंत. मग मुक्कामावर परत, गरम चहा, न्याहारी, मोजे बदलणं. साडेनऊच्या सुमारास गावातला माहीतगार माणूस सोबत घेऊन सीताखाई या खोल दरीच्या बाजूची वाट. दुपारी एकपर्यंत परत. या वाटांवर पावरा किंवा भिल्ल समाजातला एखादा दादा सोबत असला की तुम्हाला झाडं, वाटा, पावलांचे ठसे सगळंच वेगळं दिसू लागतं. त्याची मजुरी आदल्या संध्याकाळीच विचारून ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. त्याचा अख्खा दिवस जातो.

साडेनऊला निघायचं याचं एक कारण रानपिंगळाही आहे. हा छोटा घुबड दिवसा वावरतो, आणि थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीच्या टोकाला, उन्हाकडे तोंड करून, पिसं फुलवून बसलेला असतो. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद कुठेच नव्हती, तो नामशेष झाला असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळ, याच डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात. जगभरातले पक्षीप्रेमी या पक्ष्यासाठी इकडे येतात, आणि खान्देशातल्या पोरांना त्याचं नावही माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या मुलाला ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा. साग उघडा पडत चालला असल्यानं दिसायची शक्यता याच दिवसांत चांगली. दिसला तर लांबूनच बघा, आणि मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा आला समजून तो विनाकारण हैराण होतो.

शेतांविषयीही एक विनंती. आपण जे बघायला हौसेनं जातो, त्याच थंडीनं खाली शहादा-रावेरच्या केळीची आणि पपईची रया जाते. केळीला दहा-बारा अंशांच्या खालची थंडी सोसत नाही; वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही. त्या रात्री शेतकरी विहिरीचं पाणी देत आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत जागा असतो. येता-जाता असा धूर दिसला तर गाडी थांबवून फोटो काढण्याआधी रामराम घाला आणि विचारा. वर पठारावरही हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात दव सुंदर दिसतं म्हणून आत शिरू नका. गोठलेलं पान पायाखाली तडकतं आणि परत उभं राहत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की परतताना वडिलांना आवडेल असं वाटेत काही आहे का. आहे. चोपड्याहून जळगावकडे येताना अडावदजवळ उनपदेव लागतं, गरम पाण्याचे झरे आहेत, सातपुड्याच्या पायथ्यालाच. दोन दिवस चाललेले पाय तिथल्या पाण्यात सोडून बसायला त्यांना नक्की आवडेल. थंडीतून एकदम गरम पाण्यात पूर्ण अंघोळ करू देऊ नका, रक्तदाब अचानक उतरून चक्कर येऊ शकते. आधी नुसते पाय, मग बरं वाटलं तर अंगावर तांब्यानं पाणी. आणि अंधार पडायच्या आत तिथून निघालात की जळगावपर्यंतचा रस्ता सोपा आहे.